रबरवेडा गुडइयर

घरची गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की एक दिवस पार्किंगच्या फरशीवर काळा तेलकट डाग दिसायला लागतो. ओळखीचा मेकॅनिक बॉनेट उघडतो, टॅपेट कव्हरच्या कडेने बोट फिरवतो आणि पॅकिंग गेल्याचं सांगून मोकळा होतो. रविवारी दोन-चार व्हिडिओ बघून तुम्ही स्वतःच ते बदलायला घेता. बोल्ट निघतात, पण कव्हर हलत नाही. कसंबसं ते निघतं, तर खोबणीतलं रबराचं पॅकिंग हाताला दगडासारखं लागतं. ओढलं की जाड शेवेसारखे त्याचे तुकडे पडतात. दुकानातून आणलेलं नवं पॅकिंग मात्र बोटाभोवती गुंडाळता येतं. जुनंही एकेकाळी असंच मऊ होतं. मग मधल्या वर्षांत त्याचं झालं काय?

याचं उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या स्वयंपाकघरात सापडतं. चार्ल्स गुडइयर. नाव ओळखीचं वाटलं ना? टायरवर वाचलं असेल. पण ती टायर कंपनी त्याने काढलेली नाही. तो गेल्यानंतर ३८ वर्षांनी, १८९८ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन शहरात ती सुरू झाली. तिच्या संस्थापकांनी मानाने त्याचं नाव दिलं, एवढंच. ज्याच्या नावाने जगभर टायर विकले जातात, तो माणूस डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज ठेवून गेला. त्याची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती वाटते तेवढी सरळ नाही.

दुकान बुडालं, तुरुंग उघडला

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. वडील अमासा शेतीची अवजारं, बटणं असा लोखंडी-धातूचा माल बनवायचे. चार्ल्सही त्याच धंद्यात आला. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांनी त्याने फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. सुरुवातीला बरं चाललं. पण उधारी वसूल होईना आणि १८३० च्या सुमारास दुकान बुडालं. त्या काळी अमेरिकेत कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकायचे. गुडइयरने पुढच्या आयुष्यात हा तुरुंग इतक्या वेळा पाहिला की तो त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचाच झाला.

१८३४ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये एका रबराच्या कंपनीच्या दुकानात शिरला. तिथे बुडण्यापासून वाचवणारा, हवा भरायचा पट्टा विकायला होता. गुडइयरला त्याचा व्हॉल्व्ह आवडला नाही. त्याने घरी जाऊन जास्त चांगला व्हॉल्व्ह बनवला आणि काही दिवसांनी मोठ्या आशेने दाखवायला आणला. तिथल्या माणसाने व्हॉल्व्हचं कौतुक केलं, पण खरं दुखणं वेगळंच असल्याचं सांगितलं. व्हॉल्व्ह चांगला असून करायचं काय, रबरच टिकत नव्हतं.

आज आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. केरळात किंवा आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूला गेलात तर रबराच्या झाडाला चीर देऊन वाटीत साठवलेला पांढरा चीक बघायला मिळतो. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याच्या चिकाचे जोडे, कोट, पिशव्या १८३० च्या दशकात अमेरिकेत धडाधड विकल्या जात होत्या. पाणी आत शिरत नाही म्हणून लोक खूश होते. मग उन्हाळा आला. जोडे वितळले, कोट एकमेकांना चिकटले आणि असा वास सुटला की परत आलेला माल कंपन्यांना पुरून टाकावा लागला. हिवाळ्यात हेच रबर लाकडासारखं ताठ व्हायचं आणि तडकायचं. गुंतवणूकदार पळाले, कारखाने बंद पडले. शहाण्या माणसाने या धंद्याकडे बघायचं नाही, अशी परिस्थिती होती. नेमक्या त्याच वेळी गुडइयर त्यात उतरला. रसायनशास्त्राचं शिक्षण नाही, खिशात पैसा नाही.

बायकोचं लाटणं

पहिले प्रयोग त्याने फिलाडेल्फियाच्या तुरुंगातच केले. कच्चं रबर तेव्हा मातीमोल झालं होतं, त्यामुळे ते मागवणं परवडत होतं. क्लॅरिसाचं लाटणं आणून तो तासन् तास रबर मळायचा आणि लाटायचा. त्याचा विचार साधा होता. रबर चिकट आहे ना, मग चिकटपणा शोषणारी एखादी कोरडी पूड त्यात मिसळून बघू. मॅग्नेशिया मिसळल्यावर रबर पांढरं, गुळगुळीत झालं. घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याचे जोडे शिवले. उन्हाळ्यात जोड्यांचा पुन्हा लगदा झाला.

मग चुना घालून बघितला. मग नायट्रिक आम्ल. आम्लाने पृष्ठभाग खरंच कोरडा झाला आणि १८३७ मध्ये त्याने त्याचं पेटंटही घेतलं. बंद खोलीत या आम्लाच्या वाफांनी एकदा तो गुदमरून मरता मरता वाचला. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली, पाठीराखा बुडाला आणि कुटुंबाला न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहायची वेळ आली. जेवायला काय, तर खाडीत पकडलेले मासे.

गुडइयर स्वतः रबराचा कोट, रबराची टोपी, रबराचे जोडे घालून फिरायचा. हा माणूस ओळखायचा कसा, यावर लोकांनी एक विनोदच केला होता. अंगावर सगळं रबराचं आणि हातात रबराचंच पाकीट, पण त्यात एक पैसा नाही, असा कुणी दिसला की समजायचं.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात त्याची गाठ नॅथॅनियल हेवर्ड नावाच्या कारागिराशी पडली. हेवर्ड रबरात गंधक मिसळून उन्हात वाळवत होता. गुडइयरने त्याचे हक्क विकत घेतले. याच काळात सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांची ऑर्डर मिळाली. अखेर दिवस पालटले असं वाटलं. पिशव्या बनवून, टांगून ठेवून तो काही आठवडे बाहेरगावी गेला. परत येऊन पाहतो तर उकाड्याने पिशव्या ओघळलेल्या. वरची कातडी सुकली होती, आतलं रबर तसंच कच्चं होतं.

शेगडीवर पडलेला तुकडा

१८३९ च्या हिवाळ्यात वोबर्नमध्येच ती प्रसिद्ध घटना घडली. ती कुठे आणि कशी, याच्या वेगवेगळ्या कथा रंगवून सांगितल्या जातात. गाभा एवढाच की गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. रबर तापलं की वितळायचं, हा आजवरचा अनुभव. हा तुकडा वितळला नाही. चामडं करपावं तसा करपला. गुडइयरने निरखून पाहिलं, तर करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी होती की जी करपलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. तो तुकडा त्याने रात्री बाहेर कडाक्याच्या थंडीत ठेवला. सकाळी ती पट्टी तशीच लवचिक होती.

हा निव्वळ अपघात होता असं म्हणणं गुडइयरला कधी पटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की अशी गोष्ट दिसून येते ती तिच्याच मागे लागलेल्या माणसाला. आणि खरंच, शेगडीवर रबर सांडलेला तो काही पहिला माणूस नसणार. त्याने पाहिलं ते हे, की करपण्याची क्रिया योग्य क्षणी थांबवता आली तर संपूर्ण तुकडा त्या कडेच्या पट्टीसारखा होईल. प्रश्न आता एकच उरला. किती उष्णता द्यायची, किती वेळ द्यायची आणि कुठे थांबायचं?

या प्रश्नाने त्याची पुढची पाच वर्षं खाल्ली. क्लॅरिसाच्या भाकऱ्या भाजून झाल्या की त्याच भट्टीत रबर जायचं. निखाऱ्यांच्या राखेत पुरून, किटलीच्या वाफेवर धरून, शेजारच्या कारखानदारांच्या भट्ट्या तासाभरासाठी मागून त्याने शेकडो तुकडे भाजले. घरातलं सामान विकलं गेलं. मुलांची शाळेची पुस्तकंही विकली. त्या हिवाळ्यात घरात लाकूडफाटा आणि अन्न नव्हतं आणि त्याच काळात त्याचा लहानगा मुलगा गेला, तेव्हा अंत्यविधीलाही पैसे नव्हते. त्याच्या मुलांपैकी कित्येक लहानपणीच दगावली.

शेवटी उत्तर मिळालं. दाबाखालची वाफ, साधारण १३० अंश सेल्सिअस तापमान आणि चार ते सहा तास. १५ जून १८४४ ला त्याला अमेरिकेचं ३६३३ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

गंधकाचे पूल

त्याने नेमकं काय केलं होतं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. रेणूंची ही समज फार पुढच्या काळातली. रबर म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्या. ताटातल्या नूडल्ससारख्या त्या नुसत्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. उष्णता मिळाली की घसरतात आणि रबर वितळतं. गंधक आणि उष्णता एकत्र आली की साखळ्यांमध्ये जागोजागी गंधकाचे पूल बांधले जातात. आता ताण दिला तर जाळं लांबतं, सोडलं की पूल त्याला पुन्हा जागेवर आणतात.

पूल कमी पडले तर रबर मऊ आणि चिकट. बेताचे पडले तर लवचिक. आणि फार झाले तर? जाळं इतकं घट्ट होतं की हलायला जागाच राहत नाही. चार्ल्सचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये असं भरपूर गंधकाचं कडक रबर पेटंट केलं. त्यालाच आपण एबोनाइट म्हणतो. जुन्या फाउंटन पेनांच्या नळ्या आणि कंगवे त्याचेच असायचे. म्हणजे लवचिक पॅकिंग आणि ताठ कंगवा एकाच रस्त्यावरचे दोन थांबे आहेत.

तुमच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग या रस्त्यावर पुढे सरकलं होतं. इंजिनात हल्ली नैसर्गिक रबर वापरत नाहीत, कारण ते तेलात फुगतं. तिथे नायट्राइल, ॲक्रिलिक, सिलिकॉन किंवा फ्लोरोकार्बन जातीची कृत्रिम रबरं असतात. पण त्यांचेही रेणू पुलांनीच बांधलेले असतात. कारखान्यात योग्य वेळी थांबवलेली क्रिया इंजिनाच्या धगीत हळूहळू पुन्हा चालू होते. नायट्राइलच्या बाबतीत उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून नवेनवे पूल बांधत जातात, रबर मऊ ठेवणारी द्रव्यं उडून जातात किंवा तेलात उतरतात. पॅकिंग कडक होतं, आक्रसतं, धातूला चिकटून बसतं आणि फटीतून तेल झिरपायला लागतं.

एकदा हे कळलं की ते काढताना काय करायचं, काय टाळायचं, हेही आपोआप कळतं. नवे पूल तुटत नसतात. त्यामुळे कडक पॅकिंगवर कुठलंही तेल चोळून ते पुन्हा नवं होणार नाही, ते बदलायलाच हवं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कव्हरभोवतीची धूळ आधी पुसून घ्या. बोल्ट एका बाजूने सलग न सोडता आलटून पालटून थोडे थोडे ढिले करा. कव्हर अडलं तर लाकडी किंवा रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा उठला की नवं पॅकिंगही गळणार. खोबणीतले तुकडे काढायला प्लॅस्टिकची पट्टी घ्या. फारच घट्ट असतील तर हेअर ड्रायरने थोडं कोमट करा. आगीची ज्योत कधीही लावायची नाही. फ्लोरोकार्बन सील जळलं तर हाडापर्यंत जाळणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं. तुकडे इंजिनात पडू नयेत म्हणून उघड्या भागावर स्वच्छ कापड पसरा आणि शेवटी मोजून बघा, सगळे बाहेर आलेत ना.

नवं पॅकिंग कोरड्या, स्वच्छ खोबणीत बसवा. सीलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवरच लावा. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळत जा. बऱ्याच गाड्यांत हा आकडा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाच्या जोरापेक्षा फार नाही, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा. जास्त आवळलं की जास्त पक्कं होतं, हा गैरसमज आहे. पॅकिंग चिरडतं. इंजिनातली हवा बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला नाही ना, हेही बघा. तो तुंबला तर आतला दाब वाढतो आणि नवं सीलही तेल सोडतं.

आणि एक सीमा ठरवून घ्या. टॅपेट कव्हर घरी होतं. गळती क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून असेल, तर त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम गॅरेजवाल्याकडे द्या.

जो थांबला नाही

ही सीमा गुडइयरला आखता आली नाही. पेटंट मिळाल्यावर पैसा येऊ शकला असता. पण त्याने हक्क अगदी स्वस्तात देऊन टाकले आणि आलेला पैसा पुन्हा नव्या प्रयोगांत घातला. दरम्यान त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडला पोचले होते. तिथल्या थॉमस हॅनकॉकला त्यावर गंधकाची खूण दिसली. त्याने स्वतः प्रयोग करून गुडइयरच्या काही आठवडे आधी ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला. व्हल्कनायझेशन हे नावही हॅनकॉकच्या मित्राने रोमन अग्निदेवता व्हल्कनवरून दिलेलं. आपल्या रस्त्यारस्त्यावरच्या पंक्चरवाल्यांच्या पाट्यांवरचा शब्द तिथून आला.

अमेरिकेत नक्कल करणाऱ्यांशी खटले चालले. १८५२ च्या मोठ्या खटल्यात गुडइयरच्या बाजूने डॅनियल वेबस्टर उभा राहिला, तेव्हाचा देशातला नावाजलेला वकील. खटला जिंकला, पण वेबस्टरची फी १५ हजार डॉलर झाली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात गुडइयरने सुमारे ३० हजार डॉलर खर्चून रबराचं फर्निचर, गालिचे, दागिने असलेलं दालन उभारलं. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याहून जास्त. पैसे उधारीचे. फ्रान्समधलं पेटंट रद्द झालं आणि पॅरिसमध्येही त्याला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान त्याच्या हाती पडला तो या तुरुंगातच. लाटणं, भट्टी आणि निम्मं आयुष्य त्याच्या रबरापायी देणारी क्लॅरिसा हे बघायला नव्हती. ती १८५३ मध्येच इंग्लंडमध्ये वारली होती.

१८६० च्या उन्हाळ्यात मुलगी मरणासन्न असल्याचं कळल्यावर तो तिच्याकडे निघाला. न्यूयॉर्कला पोचला तेव्हा ती गेल्याची बातमी वाट बघत होती. तो तिथेच कोसळला आणि १ जुलैला गेला. वय ५९.

आता तुमच्यासाठी प्रश्न. गुडइयरच्या चिकाटीची गोष्ट तुम्हाला प्रत्येक प्रेरणादायी भाषणात ऐकायला मिळेल. पण चिकाटीची किंमत त्याने एकट्याने भरली नाही. क्लॅरिसाने भरली, मुलांनी भरली, उधार देणाऱ्यांनी भरली. तो यशस्वी झाला म्हणून आपण त्याला द्रष्टा म्हणतो. १८३८ मध्ये तो मेला असता तर घर उपाशी ठेवणारा वेडा म्हटलं असतं, आणि माणूस तोच असता.

स्पर्धा परीक्षेचा चौथा अटेम्प्ट, दुसऱ्यांदा बुडालेला स्टार्टअप, सोडवत नसलेला प्रोजेक्ट, तुमच्यापैकी कित्येक जण आज अशाच एखाद्या शेगडीपाशी बसलेत. सोडा असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. गुडइयरने १८३८ मध्ये सोडलं असतं तर आपलं इंजिन गळतच राहिलं असतं, किंवा दुसऱ्या कुणाची वाट बघत बसलं असतं. पण सुरू करतानाच आकडा कागदावर लिहा. किती वर्षं, किती पैसे, आणि ते कुणाच्या खिशातून जाणार. तो कागद ज्यांच्या खिशातून जाणार त्यांना दाखवा. आईला, बाबांना, भावाला, जोडीदाराला. आकडा पुढे वाढवायची वेळ आली तर पुन्हा त्यांच्यासमोर बसा आणि त्यांनाही बोलू द्या. क्लॅरिसाला कुणी विचारलं होतं का, हे त्या सगळ्या गोष्टीत कुठेच सापडत नाही.